चोर सोडून शेवाळाला फाशी

घरातल्या माशांच्या टाकीची काच हिरवी झाली की सल्लागारांना तोटा नसतो. दुकानदार बाटली पुढे करतो, "रोज दहा थेंब टाका, तीन दिवसांत पाणी चकाचक." शेजारचे काका म्हणतात, "सगळं पाणी उपस, खडी घासून उन्हात वाळव आणि नव्यानं भर." भाचा सांगतो, "मामा, एक सकर सोड, तो सगळं खाऊन टाकतो." आणि ज्यानं थोडंफार वाचलेलं असतं तो गंभीर चेहऱ्यानं बजावतो, "फॉस्फेट शून्यावर आणा." चौघांचे उपाय वेगळे असले तरी गृहीत धरलेली गोष्ट एकच आहे. शेवाळ हा बाहेरून घुसलेला शत्रू, त्याला मारला की काम संपलं. ही समजूत नुसती चुकीची असती तर तिच्यावर लेख खर्ची घालायचं कारण नव्हतं. पण तिच्यापायी मासे मरतात. शेवाळानं मेलेला मासा क्वचित पाहायला मिळतो. शेवाळावरच्या उपायानं मेलेले मासे मात्र हा छंद असलेल्या बहुतेक घरांनी पाहिलेले असतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. टाकीत आपण रोज दोन गोष्टी ओततो, उजेड आणि खाणं. या दोन्हींवर जगणारं कोणीतरी तिथे येणारच. जिवंत वनस्पती जोमात असतील तर त्या वाटा उचलतात. त्या नसतील किंवा रडतखडत जगत असतील तर तो वाटा शेवाळाला जातो. ओतणं तसंच चालू ठेवून शेवाळ मारणाऱ्याला पंधरा दिवसांनी तेच शेवाळ पुन्हा दिसतं, आणि तो म्हणतो, औषध नकली निघालं.

आधी काकांचा उपाय घेऊ, कारण तो सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत घातक. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानानं निरुपद्रवी. जिवाणूंची ही वसाहत नव्या टाकीत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. काका ती एका रविवारी सकाळी नळाखाली घासून, उन्हात वाळवून संपवतात. वर भरलेलं पाणी नळाचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे त्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. माणसाला ते सुरक्षित ठेवतं, पण माशाच्या कल्ल्यांना जाळतं आणि उरल्यासुरल्या जिवाणूंनाही मारतं.

यात आणखी एक मेख आहे. जुन्या टाकीचं पाणी हळूहळू आम्लाकडे झुकलेलं असतं, नळाचं किंवा बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं. पाण्यातल्या अमोनियाचा खरा विषारी भाग २५ अंश तापमानाला सामू ७ असताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे जिवाणू गेले, अमोनिया साठू लागला आणि त्याच वेळी तो दहापट विषारी झाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि घरात निदान होतं, "पाणी बाधलं." पाणी बाधलं नव्हतं, धुणं बाधलं. एवढं करून शेवाळही जात नाही. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर तपकिरी थर येतो, तो येणारच असतो. धुऊन काढलेली टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते, म्हणून तो थर दर वेळी नव्यानं येतो. आणि काका दर वेळी नव्यानं धुतात.

आता बाटली. औषधानं शेवाळ मरतं हे मला मान्य आहे, तीन दिवसांत पाणी निवळतं हेही मान्य. प्रश्न पुढचा आहे. मेलेलं शेवाळ जातं कुठे? ते टाकीतच कुजतं. कुजताना प्राणवायू खातं आणि पुन्हा अमोनिया सोडतं, म्हणजे पुढच्या शेवाळाची शिदोरी बांधून ठेवतं. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, गरम पाण्यात कमी. २० अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसात. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-अकोल्याच्या घरातली टाकी तिशी कधीच ओलांडून गेलेली असते. त्या पाण्यात एका रात्रीत मूठभर शेवाळ मारून कुजवलं की पहाटे मासे तरंगताना दिसतात. दोष मात्र उन्हाळ्याला दिला जातो.

बाटलीत काय असतं तेही पाहायला हवं. काही औषधांत तणनाशकाच्या जातीची रसायनं असतात आणि काहींत तांबं, म्हणजे नाशिकचा द्राक्ष बागायतदार चुन्याबरोबर फवारतो त्या मोरचुदातलंच. तांब्याची अत्यल्प मात्राही कोळंबी आणि गोगलगाय यांना पुरते. माशांसाठी ते किती घातक ठरेल हे पाण्याच्या जडपणावर अवलंबून असतं. पाणी जितकं मृदू तितकं तांबं अधिक विषारी. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचं मुंबईत येणारं पाणी मृदू आहे, मराठवाड्यातल्या बोअरचं जड. बाटलीवरचे थेंब दोघांनाही सारखेच सांगितलेले असतात. 'लिक्विड कार्बन' म्हणून खपणाऱ्या बाटल्यांची गोष्ट तर और आहे. त्यांतल्या अनेकींमध्ये ग्लुटारल्डिहाइड किंवा त्याचाच भाऊबंद असतो. रुग्णालयात एंडोस्कोपीची नळी निर्जंतुक करायला वापरतात ते हे रसायन. शेवाळावर ते परिणाम करतं, पण त्याला वनस्पतींचं टॉनिक म्हणणं ही ग्राहकाच्या डोळ्यांत धूळफेक आहे. व्हॅलिसनेरियासारखी नाजूक पाती त्यानं वितळतात.

भाच्याचा सकर हा तिसरा. दुकानात तो दोन इंचांचा असतो, काचेला तोंड लावून चिकटलेला, गरीब बिचारा. दक्षिण अमेरिकेतला हा कवचधारी मासा पूर्ण वाढला की दीड फुटाच्या आसपास जातो. आपल्याकडच्या दिवाणखान्यातली टाकी बहुतेक वेळा दोन फुटी. लहानपणी तो शेवाळ चाटतो हे खरं. मोठा झाला की त्याला तळाशी पडलेले दाणे अधिक आवडतात आणि त्याची विष्ठा चार गप्पींपेक्षा जास्त असते. म्हणजे शेवाळ खायला आणलेला प्राणी शेवाळाला खत पुरवू लागतो. मग तो नकोसा होतो, आणि 'पाप नको' म्हणून कोणीतरी त्याला तळ्यात किंवा नदीत सोडून देतं. खरं पाप तिथे सुरू होतं. हवेतला प्राणवायू घेऊ शकणारा हा मासा घाण पाण्यातही टिकतो, काठ पोखरून अंडी घालतो आणि त्याचे काटे मच्छीमारांची जाळी फाडतात. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींपासून केरळपर्यंत त्यानं बस्तान बसवल्याच्या नोंदी आहेत. 'चायनीज अल्गी ईटर' नावानं मिळणारा मासा घेतलात तरी फार फरक नाही. मोठेपणी तो दुसऱ्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर शोषू लागतो.

याचा अर्थ शेवाळखाऊ प्राणी कुचकामी असतात असा नाही. जपानच्या ताकाशी अमानो यांनी जलवनस्पतींच्या टाक्यांना कलेचा दर्जा मिळवून दिला. त्यांनी वापरात आणलेली छोटी कोळंबी आज जगभर त्यांच्याच नावानं ओळखली जाते. पण त्यांच्या टाकीत आधी वनस्पतींची दाटी असे. कोळंबीचं काम उरलंसुरलं टिपण्याचं होतं. आपण वनस्पतींच्या जागी प्लॅस्टिकची झुडपं लावतो, वर रंगीत दिवे सोडतो आणि सगळी जबाबदारी एका माशावर टाकतो.

उरला चौथा, वाचलेला गृहस्थ. त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण त्यामागे खरं विज्ञान आहे. १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी '२२६ क्रमांकाचं तळं' मधोमध पडदा टाकून दुभागलं. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरस पडलेला भाग हिरवागार झाला, पलीकडचा तसा झाला नाही. त्याचा आकाशातून घेतलेला फोटो जगभर गेला आणि धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटविरुद्धच्या कायद्यांना त्यानं बळ दिलं. पुढे १९९६ मध्ये पॉल सिअर्स आणि केविन कॉनलिन यांनी हाच विचार घरगुती टाकीला लावला. वनस्पतींना बाकी सगळं भरपूर द्या, फॉस्फेट तेवढं तुटपुंजं ठेवा, शेवाळ उपाशी राहील, असं त्यांचं सूत्र होतं.

हे सूत्र दिसायला नेटकं होतं, पण पाण्यात टिकलं नाही. टॉम बार या अमेरिकन अभ्यासकानं वनस्पतींनी भरलेल्या टाक्यांमध्ये मुद्दाम फॉस्फेट आणि नायट्रेट घातलं, आणि शेवाळ आलं नाही. वनस्पती उलट अधिक जोमानं वाढल्या. त्याच्या पद्धतीत लिटरमागे १० ते ३० मिलिग्रॅम नायट्रेट मुद्दाम राखलं जातं. मग शिंडलर चुकले का? मुळीच नाही. त्यांच्या प्रयोगात उघड्या पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाची बाब होती, तिथे वाटा मागायला वनस्पतींची दाटी नव्हती. नेदरलँड्सच्या मार्टेन शेफर यांनी १९९०च्या दशकात उथळ तळ्यांबद्दल जे दाखवलं ते इथे नेमकं लागू पडतं. पोषकद्रव्यं तेवढीच असताना तळं दोन अवस्थांत राहू शकतं. वनस्पतींचं राज्य असेल तर नितळ, शेवाळाचं असेल तर गढूळ. आपली टाकी या दोहोंपैकी कुठल्या बाजूला आहे हे एकट्या फॉस्फेटच्या आकड्यावरून कळत नाही.

फॉस्फेट शून्यावर आणण्याच्या नादात आणखी एक घोळ होतो. शेवाळाला जगायला वनस्पतीपेक्षा फार कमी पुरतं. त्यामुळे उपासमारीत आधी वनस्पती मरते आणि तिच्या कुजणाऱ्या पानावर शेवाळ बसतं. काचेवरचे टणक हिरवे ठिपके तर फॉस्फेट कमी पडल्यावर वाढतात, असं वनस्पतींच्या टाक्या सांभाळणाऱ्या अनेकांचं निरीक्षण आहे. आणि नायट्रेट संपवलंत तर निळं-हिरवं शेवाळ हसत येतं, कारण त्यातल्या काही जाती नायट्रोजन थेट हवेतून घेतात.

म्हणूनच उपायाआधी ओळख हवी, आणि ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. बाही वर सारून काचेवर बोट फिरवा. तपकिरी थर बोटानं सहज पुसला जात असेल तर ते डायॅटम. नव्या टाकीत येतात, पुसत राहिलं की काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. त्यांना औषध देणं म्हणजे पैसे पाण्यात. हिरवे ठिपके नखानं निघत नसतील, जुनं ब्लेड लागत असेल, तर उजेड जास्त झाला आहे. हिरवे धागे टूथब्रशवर गुंडाळून शेवयांसारखे ओढून निघतात. तेही उजेडाचंच रडगाणं, पण सोबत वनस्पती अशक्त असल्याची खूण. पानांच्या कडेला आणि फिल्टरच्या तोंडाशी काळ्या दाढीचे झुबके दिसले तर एक झुबका कापून केमिस्टकडच्या स्पिरिटमध्ये टाका. थोड्या वेळानं त्याचा हिरवेपणा विरघळून तांबूस रंग उरला तर ते लाल शैवलांच्या कुळातलं आहे. ते फारसं कोणी खात नाही. माखलेली पानं कापून टाकणं, साठलेला गाळ काढणं आणि टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर त्यात चढउतार होऊ न देणं, हाच मार्ग.

बुळबुळीत निळसर हिरवी चादर उचलली की सबंध निघते आणि कुबट वास येतो, ते मुळात शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. अँटिबायोटिकची गोळी कुटून टाकली की ते मरतं, म्हणून काही जण तेच करतात. ही शुद्ध बेजबाबदारी आहे. प्रतिजैविकं फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंवरही घाव घालू शकतात, आणि माणसांच्या औषधांना दाद न देणारे जिवाणू घडवायला आणखी एक जागा आपण उघडतो. चादर नळीनं ओढून काढा, पाण्याचा प्रवाह त्या कोपऱ्यापर्यंत पोचवा आणि तीन-चार दिवस टाकी जाड कापडानं पूर्ण झाका. पाणीच हिरवं झालं असेल तर पाणी बदलून काही साधत नाही. पेशी दिवसाला दुप्पट होत असतील तर आज अर्धं पाणी काढल्यावर उद्या त्या पुन्हा तेवढ्याच. तिथेही अंधार किंवा यूव्ही दिवा. घाबरायचं कारण नाही, माशांना त्या पाण्यानं सहसा काही होत नाही. कोळंबीची पिल्लं तर असल्या हिरव्या पाण्यात मुद्दाम वाढवतात.

आता मूळ चोरांकडे वळू. पहिला चोर खाणं. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५. माशांच्या दाण्यांत ४० टक्के प्रथिनं धरू. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे एका ग्रॅममागे ६४ मिलिग्रॅम. माशानं त्यातला चौथा भाग अंगी लावला आणि उरलेल्याचं नायट्रेट झालं, तर रोजच्या एका ग्रॅमनं पाण्यात लिटरमागे साडेचार मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट वाढतं, आठवड्याला तीसच्या वर. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलत राहिलात तरी, वाटा उचलायला वनस्पती नसतील तर, हा आकडा चढत चढत लिटरमागे १३० मिलिग्रॅमपाशी जाऊन थांबतो. पाव टाकीऐवजी अर्धी टाकी बदलली तर ६५. आणि पाणी पाव टाकीच बदलून खाणं अर्धा ग्रॅम केलं तरी तेच ६५. बादल्या उपसण्याच्या आणि डबीचं झाकण जरा लवकर लावण्याच्या कष्टांत किती अंतर आहे, हे सांगायला नको. घरातला प्रत्येक जण जाता-येता चिमूटभर टाकतो आणि "मासे बघ कसे धावत येतात" म्हणून खूश होतो. मासे धावत येतातच, पोट भरलेलं असलं तरी येतात.

दुसरा चोर दिवा. दिवाणखान्यातली टाकी आपण रातदिव्यासारखी वापरतो. सकाळी पूजेच्या वेळी लागलेला दिवा रात्री मालिका संपेपर्यंत चालू. त्यात टाकी खिडकीसमोर असेल तर ऊन वेगळंच. ज्या टाकीत जिवंत वनस्पती नाहीत तिला दिवा फक्त आपल्या डोळ्यांसाठी लागतो, पाच-सहा तास पुष्कळ झाले. वनस्पती असल्या तरी सुरुवातीला सहा-सात तासांच्या पुढे जाऊ नये. साधा टायमर लावला की आठवणीचा प्रश्न मिटतो. वाटेकरी म्हणून व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट यांपैकी काहीही लावा. ज्याला तेही जमत नाही त्यानं मनीप्लांटच्या फांद्या टाकीच्या काठावर अडकवून फक्त मुळं पाण्यात सोडावीत. पानांना कार्बन हवेतून मिळतो, म्हणून तो नायट्रेट झपाट्यानं ओढतो. स्पंज नळाखाली धरण्याऐवजी टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळावा. नवं पाणी क्लोरीन घालवून, तापमान जुळवून भरावं.

"एवढं करायला वेळ कोणाला आहे?" हा शेवटचा आक्षेप नेहमी येतो. हिशेब उलटा आहे. सगळी टाकी उपसून धुण्यात रविवार जातो, पाव टाकी पाणी बदलायला अर्धा तास. टायमर एकदा लावायचा, खाणं कमी करायला तर वेळ वाचतोच. दुसऱ्या टोकाला "शेवाळ नैसर्गिकच आहे, राहू द्या" म्हणणारेही आहेत, त्यांच्याशीही मी सहमत नाही. मागच्या काचेवरचा आणि दगडांवरचा पातळ हिरवा थर खुशाल राहू द्यावा, मासे तो टिपतात आणि तो पाण्यातलं नायट्रेटही ओढतो. पण पानं झाकणारे धागे आणि तळावर पसरलेली निळी-हिरवी चादर तशीच ठेवणं याला निसर्गप्रेम म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

दुकानदारांकडे एकच मागणी आहे. सकर विकताना तो केवढा होणार हे गिऱ्हाइकाला सांगा, आणि बाटली देण्याआधी दिवा किती तास चालू असतो ते विचारा. वाचकांना विनंती अशी की शेवाळ दिसल्यावर आठ दिवस काहीही विकत आणू नका. आधी बोट फिरवून ते कोणतं आहे ते पाहा, दिवा सहा तासांवर आणा, खाणं अर्धं करा आणि पाव टाकी पाणी बदला. बहुतेक टाक्यांमध्ये बाटलीपर्यंत पोचायची वेळच येत नाही.